डोंगरवाटांसाठी एटीव्ही घेताना: चढण्याआधी उतरण्याचा विचार

घाटमाथा (कोलंबस, ओहायो):

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षे मी आणि माझे तीन मित्र कोलंबसहून साधारण चार तास प्रवास करून वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण भागातल्या हॅटफिल्ड-मॅकॉय वाटांवर क्वाड, म्हणजे हँडलने चालवायची चार जाड चाकांची एटीव्ही, चालवायला जातो. २००० साली खुले झालेले हे वाटांचे जाळे आता १,००० मैलांच्या पुढे गेले असून, कोळशाच्या खाणी आणि लाकूडतोड यांसाठी पूर्वी काढलेल्या रस्त्यांवरून ते डोंगरात खोलवर शिरते. आजवर आम्ही भाड्याच्या किंवा उसन्या गाड्या चालवल्या. यंदा स्वतःची गाडी घ्यायचे ठरवल्यापासून मी वैशिष्ट्यांचे तक्ते वाचतो आहे आणि जमेल त्या गाडीवर बसून पाहतो आहे. माझ्या नोंदी येथे मांडतो. आपला अनुभव वेगळा असेल तर जरूर लिहावे, कारण निर्णय अजून झालेला नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे माझा कल कुठे आहे ते कळेल. माझ्या वडिलांनी भोर-महाड रस्त्यावर वरंधा घाटात वर्षानुवर्षे ट्रक चालवला, आणि "ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. आपल्याकडे प्रत्येक चालक हे जाणतो. तरीही पहिल्या वर्षी रॉकहाऊस भागात, गिल्बर्ट गावाच्या वरच्या अंगाला, एका जुन्या उसन्या क्वाडवर मी नेमके तेच विसरलो. खरे तर त्या गाडीला चालकाने बदलायचे गिअरच नव्हते. पट्ट्याचे स्वयंचलित गिअर होते, म्हणजे सीव्हीटी. रात्री पाऊस होऊन गेला होता आणि उतारावर पाटीच्या दगडाचे काळे, सुटे तुकडे पसरलेले होते. भीतीने मी अंगठा थ्रॉटलवरून, म्हणजे वेग वाढवण्याच्या खटक्यावरून, पूर्ण काढला. वेग कमी झाला, इंजिन अगदी मंद झाले, आणि पुढच्याच क्षणी गाडी कोणीतरी सोडून दिल्यासारखी मोकळी धावू लागली. मी मागचा ब्रेक करकचून दाबला, मागची चाके जागीच थांबली, आणि शेपूट उजवीकडे फिरून गाडी आडवी घसरत वरच्या अंगाच्या मातीच्या बांधाला टेकली. इजा झाली नाही. मात्र डाव्या अंगाला दरी होती, हे मी आजही विसरलेलो नाही.

नंतर कारण समजले. अशा साध्या सीव्हीटीत इंजिनाचे फेरे एका मर्यादेखाली गेले की पुढची पुली पट्टा सैल सोडते. पट्टा सैल झाला की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो आणि इंजिन गाडीला मागे धरून ठेवू शकत नाही. अंगठ्याने थ्रॉटल किंचित दाबला असता तर पट्टा पुन्हा पकडला गेला असता. पण हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. म्हणून मी प्रत्येक गाडीकडे आधी उताराच्या अंगाने पाहतो. यादीत चार गाड्या आहेत: होंडा रँचर, यामाहा कोडिॲक, पोलॅरिस स्पोर्ट्समन आणि कॅन-ॲम आउटलँडर.

होंडा रँचर ४२० च्या साध्या प्रकारात खरे गिअर आहेत. डाव्या पायाने गिअर बदलायचे, क्लचची मूठ मात्र नाही, कारण तो आपोआप सुटतो आणि धरतो. पहिल्या गिअरमध्ये टाकून सोडली की ती बैलगाडीच्या चालीने उतरते. तिचे इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असल्यामुळे त्याची शक्ती पुढच्या-मागच्या दांड्यांकडे सरळ जाते. वेगळी लो रेंज, म्हणजे संथ चालीसाठीची जास्त ओढीची गिअरची जोडी, तिला नाही, पण पहिला गिअर पुरेसा खालचा आहे. बटणाने गिअर बदलणारा प्रकारही मिळतो आणि पूर्ण स्वयंचलित ड्युअल क्लचचाही. वजन सुमारे ५८० पाउंड, म्हणजे या चौघींमध्ये सर्वांत हलकी. उणीव अशी की बहुतेक प्रकारांत मागे सॉलिड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच सरळ दांडा, येतो आणि दगडांवर त्याचा प्रत्येक धक्का थेट कमरेला पोहोचतो. मागचा ब्रेकही ड्रमचा आहे.

यामाहा कोडिॲक ७०० मध्ये सीव्हीटी असूनही तिची रचना निराळी आहे. पट्टा कायम ताणलेला राहतो, पकडण्या-सोडण्याचे काम तेलात बुडालेला सेंट्रिफ्युगल क्लच करतो आणि त्याच्या जोडीला एकाच दिशेने फिरू देणारा स्प्रॅग क्लच असतो. त्यामुळे अंगठा पूर्ण काढला तरी इंजिन चाकांना सोडत नाही, आणि फोर-व्हील लावलेली असेल तर चारही चाकांना धरून ठेवते. भाड्याच्या कोडिॲकवर मी त्याच उतारावरून पुन्हा गेलो आणि ब्रेकला जवळजवळ हात लावावा लागला नाही. यामाहाच्याच ग्रिझ्ली ७०० चे इंजिन तेच. ती जरा रुंद आणि जमिनीपासून जरा उंच.

पोलॅरिस स्पोर्ट्समन ५७० ला ४४ अश्वशक्ती, मागे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळे वर-खाली होणारे) आणि चौघींत सर्वांत मऊ बैठक मिळते. दिवसभराच्या रपेटीनंतर पाठ सर्वांत कमी दुखली ती हिच्यावर. तिची फोर-व्हील मागणीनुसार चालते, म्हणजे मागची चाके घसरू लागली की पुढची आपोआप जुळतात. चढावर ही सोय फार सुखाची आहे. उतारावर मात्र हे ध्यानात ठेवावे लागते की नेहमीच्या स्थितीत पुढची चाके इंजिनाला जोडलेली नसतात आणि धरून ठेवण्याचे काम मागच्या दोन चाकांवर पडते. काही प्रकारांत उतारासाठी वेगळे बटण आहे; ते लावल्यावर कमी वेगात चारही चाकांना इंजिनाचा ब्रेक मिळतो. ही गाडी घेणाऱ्याने बटण असलेलाच प्रकार घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

कॅन-ॲम आउटलँडर मी एकच दिवस चालवली. पुढच्या दोन चाकांच्या वेगात फरक पडला की आतल्या सिलिकॉन द्रवाच्या दाबाने तिचा पुढचा डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, स्वतःच लॉक होतो आणि दोन्ही चाके एकत्र फिरतात. चिखलात याचा प्रत्यय आला. एवढ्यावरून तिच्याबद्दल अधिक लिहिणे योग्य होणार नाही.

चारही गाड्या ५० इंचांच्या आत बसतात, आणि ही बाब महत्त्वाची आहे, कारण अमेरिकेच्या वनखात्याच्या जमिनींवर अनेक वाटा ५० इंच किंवा त्याहून अरुंद वाहनांसाठीच राखलेल्या असतात.

आपण कोणत्या वैशिष्ट्याला पहिले स्थान द्याल?

सोनकी (ॲशव्हिल, नॉर्थ कॅरोलायना):

धागा मनापासून आवडला. उताराचा मुद्दा मान्य आहे, परंतु माझ्यासारख्या बेताच्या उंचीच्या आणि ५२ किलो वजनाच्या चालकाला पहिले स्थान पॉवर स्टिअरिंगला द्यावे लागते, आणि त्याचे कारण बहुतेक पुरुष चालक समजतात त्याहून वेगळे आहे.

हँडल हलके फिरते, हा त्याचा लहानसा फायदा. खरा फायदा असा की पुढचे चाक दगडाच्या कडेला आपटून हँडल हातातून हिसकले जाते तेव्हा तो हिसका मोटर शोषून घेते. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीवर तीन तासांनंतर माझी मनगटे एवढी दुखत असत की ब्रेकच्या मुठीवरची पकड ढिली पडे. आता हेच तुमच्या उताराला जोडून पाहावे. अवघड उतार बहुधा दिवसाच्या शेवटी, परतीच्या वाटेवर येतो, आणि त्या वेळी हातात जेवढे बळ उरलेले असते तेवढ्यावरच गाडी सांभाळायची असते. २००७ च्या ग्रिझ्ली ७०० वर यामाहाने एटीव्हीला पहिल्यांदा पॉवर स्टिअरिंग दिले. तेव्हा ती चैन वाटली असेल. मी मात्र तिला सुरक्षेच्या साधनांत धरते.

दुसरा मुद्दा बसण्याच्या जागेचा. एटीव्ही चालवताना शरीराचे वजन सारखे हलवावे लागते: चढावर पुढे झुकायचे, उतारावर मागे सरकायचे, आडव्या उतारावर डोंगराच्या बाजूला कलायचे. वजनदार माणूस नुसता कलला तरी गाडीला ते जाणवते. मला मात्र सीटवरून अक्षरशः उतरून एका मांडीवर बसावे लागते. त्यासाठी सीट अरुंद, पायाखालची पट्टी रुंद व खाचांची, आणि हँडल उभे राहूनही हाती येईल असे हवे. कोणत्याही तक्त्यात हे सापडत नाही. दुकानात गाडी उभी असताना चढून, उभे राहून, दोन्ही बाजूंना पूर्ण झुकून पाहावे. विक्रेता काय म्हणेल याचा संकोच करू नये.

आडव्या उतारासाठी एक भर घालते. स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी दगडांवर सुखाची असते, परंतु आडव्या उतारावर ती खालच्या बाजूला अधिक कलते. सॉलिड ॲक्सलची गाडी तेथे सपाट राहते. त्यामुळे रँचरच्या ॲक्सलला केवळ उणीव म्हणता येणार नाही.

पंचगंगा (कोल्हापूर):

आमचा अनुभव लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये आखून दिलेल्या गोल वाटेवर लहान क्वाड चालवण्यापुरता मर्यादित आहे. पुढच्या सप्टेंबरात मुलाकडे अमेरिकेला येणार आहे आणि तो मला अशा वाटांवर नेणार आहे. तीस वर्षे मोटरसायकल चालवल्याचा येथे काही उपयोग होईल का?

पान्हा (ग्रँड रॅपिड्स, मिशिगन):

पंचगंगा, तोल सांभाळण्याची आणि वाट वाचण्याची सवय उपयोगी पडेल. हातांच्या सवयी मात्र बदलाव्या लागतील. थ्रॉटल मुठीने पिळायचा नसतो, उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो. खड्ड्यात मूठ घट्ट धरली तर अंगठाही नकळत दाबला जातो आणि नको तेव्हा गाडी उसळी घेते. ब्रेकचेही तसेच. होंडा आणि यामाहावर उजवी मूठ पुढच्या ब्रेकची, आणि डावी मूठ व उजवा पाय मागच्या ब्रेकचे, असे असते. पोलॅरिसवर डावीकडची एकच मूठ चारही चाकांना ब्रेक लावते. आयुष्यभर उजव्या मुठीने पुढचा ब्रेक लावणारा माणूस पोलॅरिसवर बसला की घाईच्या क्षणी त्याची उजवी बोटे हवेत मिटतात. मुलाला सांगून पहिला अर्धा तास सपाट मैदानात घालवावा. एटीव्ही सेफ्टी इन्स्टिट्यूटचा चालक-प्रशिक्षण वर्ग करता आला तर फार उत्तम. आणि वळताना मोटरसायकलसारखी गाडी झुकत नाही. चालकाने आतल्या बाजूला झुकायचे असते.

आता मूळ धाग्याकडे. मी वाहनांच्या ट्रान्समिशनवर काम करतो आणि घरी दोन क्वाड स्वतःच दुरुस्त करतो, म्हणून सीव्हीटीबद्दल दोन गोष्टी जोडतो. पट्टा हा झिजणारा भाग आहे. हाय रेंजमध्ये टाकून तास न् तास चालण्याच्या वेगाने दगड चढत राहिले तर पट्टा पुलीवर घसरतो, तापतो आणि करपतो. त्याचा जळक्या रबराचा वास एकदा घेतला की विसरत नाही. वाट संथ आणि अवघड असेल तर लो रेंज लावावी, एवढाच त्यावर उपाय आहे. मित्रांना मी कितीदा सांगितले असेल याची गणती नाही, कारण बहुतेकांचा समज असा असतो की लो रेंज फक्त ओझे ओढण्यासाठी असते. लो रेंजमध्ये इंजिनाचे फेरे वर राहतात, पट्टा घट्ट पकडला जातो, आणि उतारावर इंजिनाचा ब्रेकही अधिक मिळतो. घाटमाथा यांची उसनी गाडी त्या उतारावर लो रेंजमध्ये असती तर कदाचित तेवढी मोकळी सुटली नसती.

दुसरी गोष्ट पाण्याची. ओढ्यात सीव्हीटीच्या पेटीत पाणी शिरले की पट्टा ओला होऊन घसरू लागतो. इंजिन ओरडते आणि गाडी जागची हलत नाही. अशा वेळी पेटीच्या तळाचा निचऱ्याचा बूच काढावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून थोडा वेळ फेरे वाढवावेत आणि पट्टा सुकू द्यावा. म्हणून पेटीचे हवेचे तोंड किती उंचावर आहे आणि बुचापर्यंत हात किती सहज पोहोचतो, हे खरेदीपूर्वीच पाहावे. गिअरच्या रँचरला हा त्रास नाही.

एका बाबतीत मात्र मी वेगळे मत नोंदवतो. इंजिनाचा ब्रेक भरवशाचा आहे, पण ओल्या चिकणमातीवर मागच्याच दोन चाकांना तो जोराने लागला तर तीही घसरू शकतात, आणि शेपूट फिरण्याचा धोका तेथेही असतो. गिअरच्या गाडीत हे चटकन घडते. उतारावर फोर-व्हील लावून ठेवावी आणि पुढचा ब्रेक हलका, सलग दाबत राहावा. केवळ इंजिनावर विसंबून हात मोकळे सोडू नयेत.

मिठागर (सॉल्ट लेक सिटी, युटा):

चर्चा पूर्वेकडच्या दाट जंगलाच्या वाटांभोवती फिरते आहे; आमच्याकडचा भूभाग निराळा असल्याने क्रमही बदलतो, म्हणून लिहीत आहे.

मध्य युटातल्या पायूट वाटेची मुख्य फेरी सुमारे २७५ मैलांची आहे आणि टशर पर्वतांत ती १०,००० फुटांच्या वर चढते. हवा विरळ होत जाते तसतशी इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्क्यांनी घटते. म्हणजे समुद्रसपाटीवर ४४ अश्वशक्ती देणारी स्पोर्ट्समन त्या उंचीवर साधारण ३१ वर येते. आता या सर्व गाड्यांत फ्युएल इंजेक्शन असल्यामुळे इंधन आणि हवेचे प्रमाण आपोआप जुळवले जाते आणि जुन्या कार्ब्युरेटरसारखे इंजिन गुदमरत नाही; तरीही हरवलेली हवा कोणतेही यंत्र परत आणून देत नाही. माझ्याकडे सहा वर्षे ४२० सीसीची गाडी होती. टशरच्या चढावर मागे सामान बांधलेले असताना तिला पहिल्या गिअरमधून वर येताच येत नसे आणि मागून येणाऱ्यांना मी वाट अडवून धरत असे. घाटमाथा यांनी अश्वशक्तीला जे खालचे स्थान दिले, ते वेस्ट व्हर्जिनियासाठी योग्य आहे. पश्चिमेकडे येण्याचा विचार असेल तर ७०० सीसीच्या खाली जाऊ नये.

आमच्याकडचा दुसरा प्रश्न अंतराचा. एकदा निघाल्यावर पेट्रोल मिळेलच असे नाही, म्हणून टाकीची क्षमता पाहावी. तिसरा प्रश्न धुळीचा. एअर फिल्टर हत्यारांविना काढता येतो की नाही, हे मी हल्ली सर्वांत आधी पाहतो, कारण तीन जणांच्या मागे दिवसभर चालल्यावर संध्याकाळी फिल्टर झटकला की भाजलेल्या विटेच्या रंगाची मूठभर माती निघते. ज्या गाडीत त्यासाठी रॅक सोडवावा लागतो, तिच्या मालकाने मुक्कामाच्या जागी हे काम रोज केल्याचे मी पाहिलेले नाही.

युटात येणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना: २०२३ पासून सार्वजनिक जमिनीवर अशी वाहने चालवणाऱ्या प्रत्येकाला, वय कितीही असले तरी, राज्याचा ऑनलाइन शिक्षणक्रम पूर्ण करावा लागतो.

अंजनवेल (पिट्सबर्ग):

आम्ही पहिल्यांदाच जाणार आहोत. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. सीट चांगली लांब दिसते, तर त्याला मागे बसवून नेता येईल का? की त्याच्यासाठी वेगळी लहान गाडी घ्यावी?

घाटमाथा:

अंजनवेल ताई, आपण विचारले हे फार चांगले केले, कारण सीटची लांबी पाहून अनेकांचा हाच समज होतो. ती लांबी चालकाला पुढे-मागे सरकता यावे म्हणून असते. वर सोनकी यांनी जे सांगितले ते करण्यासाठी ती सारी जागा लागते. मागे दुसरा माणूस बसला की चालक मागे सरकू शकत नाही, आणि चढावर सगळे वजन मागच्या चाकांच्याही मागे गेल्याने गाडी पुढून उचलून पालथी होऊ शकते. हॅटफिल्ड-मॅकॉय वाटांवर, मूळ रचनेतच दोघांसाठी बनवलेली गाडी नसेल, तर मागे कोणालाही बसवता येत नाही. पोलॅरिसचा टुरिंग आणि कॅन-ॲमचा मॅक्स हे प्रकार दोघांसाठी आहेत. त्यांच्या चाकांमधले अंतर वाढवलेले असते आणि मागे पाठ टेकायला व हात धरायला सोय असते. मात्र मुलाचे पाय पायपट्टीवर पूर्ण टेकतात का, हे त्याला बसवून पाहावे.

मुलाने स्वतः चालवण्याबद्दल: सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्यांची गाडी देऊ नये, असे येथली ग्राहक-सुरक्षा यंत्रणा आणि उत्पादक दोघेही सांगतात, आणि त्यात तडजोड करू नये. प्रत्येक गाडीवर तिच्या वयोगटाची पट्टी लावलेली असते, आणि मुलांच्या गाड्यांचा वेग पालकांना मर्यादित ठेवता येतो. हेल्मेट सर्वांना सक्तीचे आहे. या वाटांवर जाण्याचा परवाना गाडीचा नसून माणसाचा असतो, तेव्हा घरातल्या प्रत्येकासाठी वेगळा घ्यावा लागेल. पहिल्या खेपेला हिरव्या खुणेच्या वाटांवरच राहावे; निळी खूण त्याहून अवघड, आणि काळ्या खुणेच्या वाटांना पहिल्या वर्षी हात लावू नये.

पान्हा:

अगदी बरोबर. चढावर गाडी थांबली तर काय करायचे, हेही ताईंनी आधीच शिकून घ्यावे. मागे घरंगळू द्यायची नाही. ब्रेक धरून ठेवायचा, पार्किंग ब्रेक लावायचा, आणि डोंगराच्या वरच्या बाजूला उतरायचे. खालच्या बाजूला कधीही उतरू नये.

सोनकी:

घाटमाथा, निर्णय झाला का? आणि टायरबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून मीच लिहिते. या टायरमध्ये हवा फार कमी असते, अनेक गाड्यांत ५ पीएसआयच्या आसपास. मोटारीचा गेज इतक्या खाली नीट मोजत नाही, आणि एका पीएसआयचा फरकही हँडलला जाणवतो. गेल्या हिवाळ्यात माझी गाडी सारखी डावीकडे ओढत होती. महिनाभर मी पुढच्या सांध्यांना दोष दिला, आणि शेवटी डाव्या चाकात ३ आणि उजव्यात ६ पीएसआय निघाले. कमी दाबाचा वेगळा गेज आणि पंक्चर बुजवण्याच्या दोऱ्या नेहमी पिशवीत असाव्यात.

घाटमाथा:

निर्णय झाला. शनिवारी कोडिॲक ७०० घेतली, पॉवर स्टिअरिंगची.

रँचर मनातून सहजी जात नव्हती, हे कबूल केले पाहिजे. खरे गिअर, कमी वजन, पट्ट्याची काळजी नाही. माझ्यासारख्या घाटातल्या माणसाला ती आपली वाटते. तरी सोनकी यांनी दिवसाच्या शेवटच्या उताराबद्दल जे लिहिले, ते वाचून मी दोन्ही गाड्यांवर पुन्हा जाऊन बसलो. माझे वय ४७ आहे आणि कमरेचे एक जुने दुखणे आहे. सॉलिड ॲक्सलवर पाच तास काढल्यानंतर मी उतारावर मागे सरकून बसेन की थकून जागीच बसून राहीन, याचे प्रामाणिक उत्तर दिल्यावर प्रश्न सुटला. मिठागर यांच्या पोस्टमुळे ७०० सीसीबद्दलची शंकाही गेली, कारण पायूट वाट आम्हाला कधीतरी करायचीच आहे. आमच्यातला सर्वांत हलका आणि तरुण मित्र रँचर घेतो आहे, आणि त्याच्यासाठी तीच योग्य आहे.

पैसे देण्यापूर्वी दुकानामागच्या खडीच्या उतारावर गाडी नेऊ देण्याची विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. लो रेंज, फोर-व्हील, आणि माथ्यावर येताच अंगठा पूर्ण वर. पुढचे टोक खाली झुकले, इंजिनाचा आवाज घोगरा झाला आणि तसाच एकसारखा राहिला. खडीचे दाणे टायरखाली एकेक करून दबत होते आणि गाडी माणसाच्या चालीने उतरत होती. पान्हा यांच्या सांगण्याप्रमाणे दोन बोटे पुढच्या ब्रेकवर होती, पण दाबावी लागली नाहीत. मित्राने काढलेले चित्रण वडिलांना भोरला पाठवले. त्यांनी गाडीचा रंग किंवा किंमत विचारली नाही. "उतारावर आवाज बदलला नाही, हे चांगले आहे" एवढे ते म्हणाले, आणि मग पट्ट्याने चालणाऱ्या गाडीला इंजिन कसे धरून ठेवते हे मला अर्धा तास समजावून सांगावे लागले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाने रंगलेली असताना आम्ही गिल्बर्टला चार दिवस मुक्कामाला आहोत. गावातल्या रस्त्यांवर क्वाड चालवायला परवानगी आहे, त्यामुळे जेवण आणि पेट्रोल दोन्हींसाठी मोटार बाहेर काढावी लागत नाही. अंजनवेल ताई, पिट्सबर्गहून आपण येणार असाल तर पहिला दिवस आम्ही हिरव्या वाटांवर आपल्याबरोबर घालवू. सोनकी, तुमचा तो कमी दाबाचा गेज कोणत्या बनावटीचा आहे तेवढे कळवावे. निघण्यापूर्वी घेऊन ठेवतो.